डेटाबेस अद्यतनातील बिघाड आणि पुनर्स्थापना

डेटाबेस अद्यतनातील बिघाड म्हणजे संकेतस्थळाच्या आज्ञावलीची नवी आवृत्ती बसवताना तिच्या डेटाबेसमध्ये करावयाचे बदल अर्धवट राहणे, चुकीचे होणे किंवा मुळीच न होणे. अशा बिघाडानंतर संकेतस्थळ पुन्हा सुसंगत आणि विश्वासार्ह स्थितीत आणण्याच्या प्रक्रियेस पुनर्स्थापना म्हणतात. डेटाबेस या शब्दासाठी मराठीत ‘विदागार’ व ‘माहितीसाठा’ हे पर्यायी शब्दही रूढ आहेत.

वर्डप्रेस, ड्रुपल, मीडियाविकी, मूडल आणि कोहा यांसारख्या आज्ञावलींवर चालणाऱ्या संकेतस्थळांच्या प्रचालकांना हा प्रश्न केव्हा ना केव्हा भेडसावतो. मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत त्यास आणखी एक बाजू आहे. अद्यतन वरकरणी यशस्वी होऊनही देवनागरी मजकूर नष्ट झालेला असू शकतो आणि घाईने केलेली दुरुस्ती हे नुकसान कायमचे करू शकते.

## पार्श्वभूमी

बहुतेक गतिमान संकेतस्थळांचे दोन भाग असतात. पहिला भाग आज्ञावलीच्या फाइलींचा, तर दुसरा लेख, सदस्य, प्रतिक्रिया आणि मांडणी यांच्या नोंदी ठेवणाऱ्या डेटाबेसचा असतो. डेटाबेसमधील तक्ते, त्यांचे स्तंभ आणि निर्देशांक यांच्या रचनेस आराखडा म्हणतात. आज्ञावलीची प्रत्येक आवृत्ती विशिष्ट आराखडा गृहीत धरून लिहिलेली असते. नव्या आवृत्तीत नवा स्तंभ किंवा तक्ता लागत असल्यास फाइली बदलल्यानंतर आराखडाही बदलावा लागतो. या दुसऱ्या टप्प्यास डेटाबेस अद्यतन म्हणतात.

आराखडा कोणत्या टप्प्यावर आहे हे कळावे म्हणून आज्ञावली त्याचा क्रमांक डेटाबेसमध्येच नोंदवून ठेवते. वर्डप्रेसमध्ये हा क्रमांक पर्यायांच्या तक्त्यात असतो. फाइलींमधील क्रमांक त्याच्याशी जुळला नाही, तर व्यवस्थापन विभागात डेटाबेस अद्ययावत करण्याची सूचना दिसते. मीडियाविकी पार पडलेल्या काही अद्यतनांची नोंद स्वतंत्र तक्त्यात ठेवते. ड्रुपलमध्ये प्रत्येक विभागाचा आराखडा-क्रमांक वेगळा असतो व अद्यतनाच्या पायऱ्या क्रमाने चालवल्या जातात. ग्रंथालयांसाठीच्या कोहा या आज्ञावलीत आवृत्ती-क्रमांक प्रणालीच्या प्राधान्यक्रमांमध्ये साठवला जातो आणि अद्यतन पूर्ण होईपर्यंत वाचकांना देखभालीचे पान दाखवले जाते.

विकिपीडियावर ‘प्रचालक’ ही संज्ञा वेगळ्या अर्थाने वापरली जाते. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाच्या प्रचालकांना पाने वगळणे वा सुरक्षित करणे असे अधिकार असतात. डेटाबेसची देखभाल मात्र विकिमीडिया फाउंडेशनचे तंत्रज्ञ करतात. प्रस्तुत लेखात प्रचालक म्हणजे संकेतस्थळाचा सर्व्हर किंवा होस्टिंग खाते सांभाळणारी व्यक्ती होय.

## कारणे

### प्रक्रिया मध्येच थांबणे

स्वस्त सामायिक होस्टिंगवर कोणत्याही प्रक्रियेस काही सेकंदांची कालमर्यादा असते. लाखो नोंदींच्या तक्त्यात बदल करण्यास त्याहून अधिक वेळ लागल्यास सर्व्हर ती प्रक्रिया तोडतो. अद्यतन ब्राउझरमधून चालवत असताना इंटरनेट खंडित झाल्यास किंवा पान बंद केल्यासही असे घडू शकते. सर्व्हर महाविद्यालयाच्या अथवा कार्यालयाच्या इमारतीतच असेल, तर भारनियमन किंवा अचानक गेलेली वीज हेही कारण ठरते.

### जागा अपुरी पडणे

तक्त्याचा आराखडा बदलताना डेटाबेस प्रणाली अनेकदा त्या तक्त्याची संपूर्ण नवी प्रत तयार करते. दोन जीबीच्या तक्त्यासाठी तात्पुरती आणखी तितकीच जागा लागते. ती नसल्यास काम अपुरे राहते.

### बदल मागे न फिरणे

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये आराखड्यातील बहुतेक बदल एकाच व्यवहारात गुंफता येतात. शेवटची पायरी फसली, तर आधीच्या पायऱ्याही आपोआप रद्द होतात. मायएसक्यूएल व मारियाडीबीमध्ये आराखडा बदलणारी प्रत्येक आज्ञा चालू व्यवहार तत्काळ कायम करते. २०१८ मध्ये आलेल्या मायएसक्यूएल ८.० पासून एकेक आज्ञा पूर्ण होते किंवा मुळीच होत नाही. तथापि दहा आज्ञांपैकी सहा झाल्यावर सातवी फसली, तर पहिल्या सहा तशाच राहतात. सामायिक होस्टिंगवरील बहुसंख्य संकेतस्थळे मायएसक्यूएल किंवा मारियाडीबीवर चालत असल्याने ‘अर्धवट अद्यतन’ हा प्रकार तेथे विशेष आढळतो.

### आवृत्त्यांचा मेळ नसणे

मूळ आज्ञावली नवी आणि तिची विस्तारके जुनी असल्यास, किंवा पीएचपीची आवृत्ती आवश्यकतेपेक्षा जुनी असल्यास अद्यतन अडते. काही आज्ञावलींत अनेक वर्षे अद्ययावत न केलेल्या संकेतस्थळास थेट शेवटच्या आवृत्तीवर नेता येत नाही. त्यास मधल्या आवृत्त्यांवरून टप्प्याटप्प्याने जावे लागते.

## लक्षणे

बिघाडाची दृश्य लक्षणे पुढीलप्रमाणे असतात :

* पान पूर्णतः कोरे दिसणे किंवा सर्व्हर-त्रुटीचा संदेश येणे
* ‘स्तंभ सापडत नाही’ अथवा ‘तक्ता अस्तित्वात नाही’ असे संदेश दिसणे. आराखडा आज्ञावलीच्या मागे राहिल्याची ही खूण होय
* ‘स्तंभ आधीच अस्तित्वात आहे’ असा संदेश येणे. अर्धवट झालेले अद्यतन पुन्हा चालवल्याची ही खूण होय
* अद्यतनाची सूचना पुनःपुन्हा येत राहणे
* देखभालीचा संदेश न हटणे. वर्डप्रेस अद्यतनाच्या काळात मूळ फोल्डरमध्ये एक छुपी देखभाल-फाइल ठेवते आणि ती दहा मिनिटांहून जुनी झाल्यास तिच्याकडे दुर्लक्ष करते
* मराठी मजकुराऐवजी प्रश्नचिन्हे किंवा अनोळखी लॅटिन अक्षरे दिसणे

पडद्यावरील संदेश बहुधा अपुरा असतो. फसलेली नेमकी आज्ञा कळण्यासाठी पीएचपीची त्रुटी-नोंद आणि डेटाबेस प्रणालीची त्रुटी-नोंद या दोन्ही पाहाव्या लागतात.

## पहिली पावले

बिघाडानंतर अद्यतनाची कळ पुन्हा दाबणे ही सहज होणारी कृती आहे. अनेक अद्यतन-आज्ञा पुन्हा चालवण्याजोग्या लिहिलेल्या असतात, तेव्हा तिने कामही भागते. परंतु नोंदींचे रूपांतर करणारी पायरी दोनदा चालल्यास आधीच रूपांतरित झालेल्या नोंदी पुन्हा रूपांतरित होऊन बिघडतात. यामुळे पुढील क्रम सुरक्षित मानला जातो :

# लेखन थांबवणे. संकेतस्थळ देखभाल-स्थितीत ठेवून नव्या प्रतिक्रिया, नोंदणी आणि खरेदी बंद करणे. मीडियाविकीत केवळ वाचनाची स्थिती ठेवण्याची सोय आहे. आपोआप चालणारी नियतकालिक कामेही थांबवावी लागतात.
# बिघडलेल्या स्थितीची प्रत घेणे. सध्याच्या डेटाबेसची आणि फाइलींची प्रत वेगळ्या जागी ठेवणे. शेवटच्या बॅकअपनंतरच्या नोंदी कदाचित याच प्रतीत उरलेल्या असतात. दुरुस्ती फसल्यास परतण्याचे ठिकाणही तेच असते.
# नोंदी जपणे. त्रुटी-नोंदी, अद्यतनाची वेळ, आधीची व नंतरची आवृत्ती लिहून ठेवणे.
# कारण दूर करणे. डिस्कवरील जागा, कालमर्यादा आणि पीएचपीची आवृत्ती तपासणे. मूळ कारण कायम असेल, तर पुनर्स्थापनाही त्याच ठिकाणी अडते.
# प्रतीवर प्रयोग करणे. कोणतीही दुरुस्ती प्रथम दुसऱ्या डेटाबेसवर करून पाहणे.

## पुनर्स्थापनेच्या पद्धती

### संपूर्ण बॅकअप परत आणणे

अद्यतनापूर्वी घेतलेला डेटाबेस व त्याच वेळच्या फाइली एकत्र परत आणणे ही सर्वांत खात्रीची पद्धत आहे. केवळ डेटाबेस जुना आणि फाइली नव्या ठेवल्यास मूळ विसंगती पुन्हा उद्भवते. बॅकअप रिकाम्या डेटाबेसमध्ये भरावा लागतो. अर्धवट अद्ययावत झालेल्या डेटाबेसवरच तो भरल्यास अद्यतनाने निर्माण केलेले नवे तक्ते मागे उरतात व पुढील प्रयत्नात ‘तक्ता आधीच आहे’ अशी त्रुटी येते. ड्रुपल आणि मूडल यांत अद्यतन उलटे फिरवण्याची अंगभूत सोय नाही. तेथे मागे येण्याचा मार्ग बॅकअप हाच आहे.

### विशिष्ट क्षणापर्यंतची पुनर्स्थापना

मायएसक्यूएलची द्विमान नोंदवही आणि पोस्टग्रेएसक्यूएलची पूर्वलेखन नोंदवही यांत प्रत्येक बदल क्रमाने टिपला जातो. रात्रीचा बॅकअप परत आणून त्यावर या नोंदवहीतील बदल अद्यतनाच्या क्षणाआधीपर्यंत पुन्हा चालवले, तर दिवसभराचे कामही वाचते. ही सोय आधीपासून चालू असावी लागते. सामायिक होस्टिंगवर ती ग्राहकाच्या हाती सहसा नसते.

### पुढे जाऊन दुरुस्ती

एखादाच स्तंभ वा निर्देशांक राहिला असेल, तर तो हाताने जोडून अद्यतन पुढे चालवता येते. त्यासाठी त्याच आवृत्तीचे नवे कोरे संकेतस्थळ अन्यत्र उभारून दोन्ही आराखड्यांची तुलना केली जाते. काय कमी आहे व काय जास्त आहे हे त्यातून स्पष्ट होते. आवृत्ती-क्रमांक हाताने वाढवून सूचना बंद करणे हा मात्र दुरुस्तीचा भास होय. राहिलेला बदल तसाच राहतो आणि त्रुटी काही महिन्यांनी पुढच्या अद्यतनात प्रकट होते.

### तुटलेल्या तक्त्यांची दुरुस्ती

वीज गेल्याने जुन्या मायआयसॅम प्रकारचे तक्ते तुटल्यास ते दुरुस्त करण्याची आज्ञा उपलब्ध आहे. इनोडीबी प्रकाराला ती लागू होत नाही. हा प्रकार पुन्हा सुरू होताना आपल्या नोंदवहीवरून स्वतःच सावरतो. तसे न झाल्यास सक्तीच्या पुनर्प्राप्तीच्या १ ते ६ अशा पातळ्या आहेत. यांतील ४ व त्यापुढील पातळ्यांमुळे विदा कायमचा बिघडण्याचा धोका असल्याने त्या केवळ नोंदी बाहेर काढण्यासाठी आणि प्रतीवरच वापराव्यात, असे मानले जाते.

## देवनागरी मजकुराची हानी

युनिकोडमधील देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेते. मात्रा, अनुस्वार व हलन्त हीही स्वतंत्र चिन्हे आहेत. ‘अंबड’ या नावात अ, अनुस्वार, ब आणि ड अशी चार चिन्हे म्हणजे १२ बाइट होतात. ‘मत्स्योदरी’ या अंबड येथील देवीच्या नावात दहा चिन्हे असून ते ३० बाइट व्यापते. मायएसक्यूएलमध्ये दीर्घकाळ लॅटिन-१ हा मूलभूत वर्णसंच होता. आवृत्ती ८.० पासून त्याची जागा चार बाइटपर्यंतची चिन्हे साठवणाऱ्या यूटीएफ-८ ने घेतली. जुन्या मराठी संकेतस्थळांच्या स्थलांतरात व अद्यतनात होणारे अनेक बिघाड या बदलाशी निगडित आहेत.

### प्रश्नचिन्हे आणि विस्कळीत अक्षरे

वर्णसंचाच्या गोंधळाचे दोन परिणाम दिसतात. त्यांतील फरक ओळखणे पुनर्स्थापनेच्या दृष्टीने निर्णायक ठरते.

पहिल्या प्रकारात ‘अंबड’च्या जागी चार प्रश्नचिन्हे दिसतात. देवनागरीस लॅटिन-१ मध्ये स्थान नसल्याने रूपांतर करताना प्रत्येक चिन्हाऐवजी प्रश्नचिन्ह लिहिले जाते. डेटाबेसमध्येच प्रश्नचिन्हे साठली असतील, तर मूळ अक्षर तेथे उरलेले नसते. कोणत्याही आज्ञेने ते परत येत नाही व जुना बॅकअप हाच उपाय उरतो. मात्र डेटाबेसमधील मजकूर शाबूत असून केवळ जोडणीचा वर्णसंच चुकल्यानेही पडद्यावर प्रश्नचिन्हे दिसू शकतात. यासाठी साठवलेले बाइट षोडशमान स्वरूपात पाहून खात्री केली जाते.

दुसऱ्या प्रकारात ‘अंबड’च्या जागी बारा अनोळखी लॅटिन अक्षरे व चिन्हे दिसतात. दर तिसऱ्या ठिकाणी वर तिरकी रेघ असलेले तेच अक्षर पुन्हा येते, कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट समान असतो. येथे मूळ बाइट शाबूत असतात, फक्त त्यांचा अर्थ चुकीचा लावलेला असतो. स्तंभाचा प्रकार आधी द्विमान करून नंतर यूटीएफ-८ केल्यास मजकूर पूर्ववत होतो. मजकूर दोनदा सांकेतिक झाला असल्यास ही क्रिया दोनदा करावी लागते.

### अर्धवट वाचलेला मजकूर

मायएसक्यूएलमधील लॅटिन-१ प्रत्यक्षात विंडोज-१२५२ या संचावर आधारलेला आहे. त्या संचात पाच बाइटमूल्यांना कोणतेही अक्षर नेमलेले नाही. मायएसक्यूएल ही मूल्येही जपते, परंतु अन्य संपादक किंवा रूपांतर-साधने ती गाळू शकतात. देवनागरीत हलन्त, ऱ्हस्व उकार, चंद्रबिंदू, ‘ए’, ‘ऐ’ आणि ‘झ’ या चिन्हांचा शेवटचा बाइट या पाचांपैकी असतो. ‘ठ’चा शेवटचा बाइट न तुटणाऱ्या रिकाम्या जागेचा असल्याने काही साधने त्याचे साध्या रिकाम्या जागेत रूपांतर करतात.

बाह्य साधनातून केलेली दुरुस्ती यामुळे फसवी ठरू शकते. जालना जिल्ह्यातील जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, परतूर, मंठा, अंबड आणि घनसावंगी या आठ तालुक्यांची यादी अशा दुरुस्तीतून गेल्यास ‘अंबड’, ‘जालना’ व ‘परतूर’ ही नावे निर्दोष परततात. ‘मंठा’मधील ‘ठ’ आणि ‘जाफ्राबाद’मधील हलन्त मात्र तुटतात. तुटक्या जागेवरील चौकोन काढून टाकणारी सफाई नंतर केली, तर ‘जाफ्राबाद’चे ‘जाफराबाद’ होते. वाचताना ते लेखनभेदासारखे भासत असल्याने ही चूक पडताळणीतून निसटते. व्यक्तिनामे आणि गावांची नावे असलेल्या याद्यांत अशा चुकांचे परिणाम गंभीर असतात. यामुळे पडताळणीसाठी जोडाक्षरे, ‘ठ’, ‘झ’ आणि ऱ्हस्व उकार असलेले शब्द निवडावेत.

### बाइटलांबीशी निगडित बिघाड

* निर्देशांकाची मर्यादा. इनोडीबीच्या जुन्या स्वरूपांत निर्देशांकाची कमाल लांबी ७६७ बाइट होती. तीन बाइटच्या वर्णसंचात २५५ चिन्हांचा स्तंभ ७६५ बाइटांत मावत असे. चार बाइटच्या संचात त्यास १,०२० बाइट लागतात व अद्यतन थांबते. अनेक आज्ञावलींत आढळणारा १९१ हा आकडा येथूनच आला आहे.
* क्रमबद्ध मजकूर. पीएचपी काही मांडणी-नोंदी साठवताना मजकुरासोबत त्याची बाइटसंख्या लिहिते. ‘अंबड’पुढे १२ हा आकडा असतो. साध्या शोधा-बदला आज्ञेने त्याचे ‘अंबड शहर’ केल्यास मजकूर २२ बाइटांचा होतो, पण आकडा १२ राहतो आणि संपूर्ण नोंद वाचता येईनाशी होते. संकेतस्थळाचा पत्ता बदलतानाही हाच बिघाड होतो. आकडा सुधारणारी खास साधने यासाठी वापरली जातात.
* लेखांचे पत्ते. वर्डप्रेसमध्ये लेखाच्या पत्त्यासाठी २०० वर्णांचा स्तंभ आहे. देवनागरीचे एक चिन्ह सांकेतिक स्वरूपात नऊ वर्ण घेत असल्याने त्यात सुमारे २२ चिन्हेच मावतात. सुरुवात समान असलेली मराठी शीर्षके आयातीनंतर त्यामुळे एकाच पत्त्यावर येऊ शकतात.

### बॅकअपची पडताळणी

बॅकअप घेताना जोडणीचा वर्णसंच लॅटिन-१ राहिला, तर यूटीएफ-८ डेटाबेसमधील मराठी मजकूर बॅकअपमध्येच प्रश्नचिन्हांच्या रूपात उतरतो. मूळ संकेतस्थळ व्यवस्थित दिसत असल्याने ही हानी पुनर्स्थापनेच्या दिवसापर्यंत लक्षात येत नाही. बॅकअपची फाइल उघडून तीत ओळखीचा मराठी शब्द शोधणे, हा यावरचा साधा उपाय आहे. फाइलीचा आकार अचानक घटणे हीदेखील एक खूण असते, कारण तीन बाइटांच्या जागी एकच बाइट उरलेला असतो.

## महाराष्ट्रातील संदर्भ

जिल्हा प्रशासनांची संकेतस्थळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘सिक्युअर, स्केलेबल अँड सुगम्य वेबसाइट ॲज अ सर्व्हिस’ या सामायिक सेवेवर चालतात. जालना जिल्ह्याचे संकेतस्थळही तिच्यावरच आहे. अशा व्यवस्थेत स्थानिक कार्यालय मजकूर भरते, तर आज्ञावली व डेटाबेसची अद्यतने केंद्रीय स्तरावर होतात. अंबडसारख्या तालुक्याच्या ठिकाणी महाविद्यालये, पतसंस्था, स्थानिक वृत्तपत्रे आणि व्यापारी यांनी स्वतंत्रपणे संकेतस्थळे चालवल्यास ही जबाबदारी त्यांच्यावर वा त्यांनी नेमलेल्या तंत्रज्ञावर येते. तंत्रज्ञ बदलल्यानंतर होस्टिंगचा परवलीचा शब्द व बॅकअपची जागा संस्थेकडे नसणे, ही अशा ठिकाणी पुनर्स्थापनेतील मोठी अडचण असते. ग्रंथालयांत कोहा वापरली जात असल्यास डेटाबेस परत आणल्यानंतर शोध-निर्देशांक पुन्हा तयार करावा लागतो. अन्यथा ग्रंथांच्या नोंदी असूनही शोधात त्या सापडत नाहीत.

### भूमी अभिलेखांचे उदाहरण

डेटाबेसमधील नोंदी मूळ अभिलेखाशी पुन्हा जुळवण्याचे राज्यातील मोठे उदाहरण म्हणजे सातबारा उताऱ्यांचे संगणकीकरण होय. राज्यात सुमारे अडीच कोटी सातबारा उतारे आहेत. त्यांच्या फेरफारांसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे येथील विभागाने ई-फेरफार ही आज्ञावली विकसित केली. हस्तलिखित व संगणकीकृत सातबारा यांत नावे, क्षेत्र आणि खाते यांबाबत तफावती आढळल्या. त्या शोधण्यासाठी २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन घेऊन उतारे खातेदारांसमोर वाचण्यात आले आणि दुरुस्तीसाठी री-एडिट ही स्वतंत्र सोय वापरण्यात आली. डिजिटल स्वाक्षरीचे सातबारा १ मे २०१८ पासून उपलब्ध झाले.

हा बिघाड एखाद्या अद्यतनातून उद्भवलेला नव्हता. तरीही पुनर्स्थापनेची तत्त्वे त्यात स्पष्ट दिसतात. हस्तलिखित सातबारा हा मूळ, अबाधित बॅकअप होता. चावडी वाचन ही ज्यांच्या नोंदी आहेत त्यांच्याकडूनच झालेली पडताळणी होती. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० नुसार फेरफाराची नोंद झाल्यावर संबंधितांना सूचना दिली जाते व हरकती विचारात घेऊन ती प्रमाणित केली जाते. डेटाबेसमधील व्यवहारही असाच अखेरच्या मान्यतेपर्यंत तात्पुरता असतो. कलम १५५ मध्ये लेखनप्रमादांच्या दुरुस्तीची तरतूद आहे.

## उल्लेखनीय घटना

गिटलॅब (२०१७). ३१ जानेवारी २०१७ रोजी दुय्यम सर्व्हरवरील फोल्डर रिकामे करण्याची आज्ञा चुकून मुख्य डेटाबेस सर्व्हरवर दिली गेली. सुमारे ३०० जीबी विद्यापैकी ४.५ जीबी उरला. नियमित बॅकअपची आज्ञा डेटाबेसच्या आवृत्तीशी न जुळल्याने निष्फळ ठरत होती आणि त्याविषयीचे इशारे देणारे ई-मेल पोहोचत नव्हते. चाचणीसाठी सुमारे सहा तास आधी घेतलेल्या प्रतीवरून सेवा परत आणली गेली. सुमारे ५,००० प्रकल्प, ५,००० टिप्पण्या व ७०० नवी सदस्य-खाती यांवर परिणाम झाला. कंपनीने पुनर्स्थापनेचे काम यूट्यूबवर थेट दाखवले.

गिटहब (२०१८). २१ ऑक्टोबर २०१८ रोजी देखभालीच्या कामात ४३ सेकंद जोडणी तुटली. तेवढ्या वेळात दोन ठिकाणच्या डेटाबेसमध्ये परस्परांत नसलेल्या नोंदी झाल्या. नोंदी गमावण्यापेक्षा सेवा मंदावणे पत्करण्यात आले. सेवा पूर्ववत होण्यास २४ तास ११ मिनिटे लागली.

टीएसबी बँक (२०१८). ब्रिटनमधील या बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सुमारे ५२ लाख ग्राहकांच्या नोंदी नव्या प्रणालीवर हलवल्या. नोंदी व्यवस्थित हलल्या, तथापि नवी प्रणाली कोलमडली. कामकाज डिसेंबर २०१८ पर्यंत पूर्ववत झाले नाही. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेस एकूण ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला.

## प्रतिबंध

* अद्यतनापूर्वी डेटाबेस व फाइली यांचा एकाच वेळचा बॅकअप घेणे आणि तो सर्व्हरबाहेर ठेवणे
* बॅकअप प्रत्यक्ष दुसऱ्या डेटाबेसमध्ये भरून पाहणे
* अद्यतन प्रथम संकेतस्थळाच्या चाचणी-प्रतीवर चालवून लागणारा वेळ मोजणे
* शक्य असल्यास अद्यतन ब्राउझरऐवजी आज्ञाओळीतून चालवणे, जेणेकरून ब्राउझरची कालमर्यादा लागू होत नाही
* आज्ञावलीचे अद्यतन, पीएचपीचे अद्यतन आणि वर्णसंचाचे रूपांतर ही कामे वेगवेगळ्या दिवशी करणे
* काही मराठी लेखांतील चिन्हांची व बाइटांची संख्या आधी आणि नंतर मोजणे
* कोणत्या क्षणी माघार घ्यायची हे आधीच ठरवणे
* होस्टिंग खाते व बॅकअप यांची माहिती संस्थेतील किमान दोन व्यक्तींकडे असणे

## कायदेशीर बाजू

भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद दलाच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, कंपन्या व शासकीय संस्था यांनी प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपणे आवश्यक आहे. पुनर्स्थापना करताना जुन्या त्रुटी-नोंदी पुसल्या जाणार नाहीत, याची दक्षता त्यामुळे घ्यावी लागते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मधील वैयक्तिक विदाभंगाच्या व्याख्येत चोरीबरोबरच विदा अपघाताने बदलणे, नष्ट होणे किंवा अनुपलब्ध होणे यांचाही समावेश आहे. सदस्यांची माहिती ठेवणाऱ्या संकेतस्थळाच्या फसलेल्या अद्यतनात नोंदी नष्ट झाल्यास तो प्रसंग या व्याख्येत येऊ शकतो.

## हेही पहा

* डेटाबेस व्यवस्थापन प्रणाली
* बॅकअप
* युनिकोड
* यूटीएफ-८
* मीडियाविकी
* सातबारा उतारा
* अंबड